1900 रुपये आणि दोन शनिवार: आमचं घर असं आवरलं

नमस्कार! मी आत्ता जिथे उभी आहे ना, तिथे महिन्यापूर्वी पाय ठेवायला जागा नव्हती.

पुण्यातल्या धनकवडीतला आमचा वन बीएचके, माणसं चार. गेल्या वर्षी सासूबाई गावाकडचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांच्यासोबत चाळीस वर्षांचा संसारही आला. पिंपं, परात, लुगडी, पितळेचं घंगाळ. आम्ही मिळेल तिथे कोंबत गेलो. माळा भरला, दिवाणाचा कप्पा भरला, मग गॅलरी. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाखाली तांदळाची गोणी आली, त्या दिवशी मी ठरवलं, आता आवरायचंच.

मी आधी ऑनलाइन डबे आणि बास्केट बघत बसले होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी ते पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे आलं की ठेवणार कुठं?" खरंच होतं ते. घरात आधीच इतकं सामान, त्यात अजून डबे आणायचे? मी कार्ट रिकामी केली आणि ठरवलं, पैसे खर्चायचे ते मदतीवर.

आता ही मदत घ्यायची कशी, ते नीट सांगते, कारण बहुतेक घरांत इथेच चुकतं. आपण मावशींना म्हणतो, "आज जरा माळा पण काढून घ्या हं." तसं करू नका. भांडी-फरशीच्या ठरलेल्या पैशांत माळा बसत नाही. मी त्यांना स्पष्ट विचारलं: दोन शनिवार, सकाळी 10 ते 2, तासाला 150 रुपये, जमेल का? आठ तासांचे 1200 झाले. काम संपलं की त्याच दिवशी पैसे हातात. दुपारी जेवण आमच्यासोबत.

[माळ्याकडे बोट दाखवत] हा माळा. स्टुलावर एक, खाली झेलायला एक, दोन माणसं हवीतच. पण मावशींचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी झाला. एकटीने आवरायला बसलं की वस्तू हातात येते, आपण ती उलटीपालटी करतो, आठवणीत रमतो आणि तासाभरात तीनच वस्तू होतात. म्हणून आम्ही ठरवलं, वस्तू मावशी धरणार, मी हात लावायचा नाही. मी फक्त बोलायचं. ठेवायचं, द्यायचं, की नंतर बघू. पहिल्या शनिवारी दोन तासांत माळा रिकामा झाला.

एका पिंपाला जुनी साडी गुंडाळलेली होती. झाकण काढलं तर आत दुसरा डबा, त्यात पिशवी, पिशवीत पिशव्या, आणि सगळ्यात तळाशी श्रीखंडाचे रिकामे डबे, सतरा. झाकणं अकराच निघाली. ज्याला झाकण नाही तो डबा बाहेर, हा नियम तिथेच पक्का झाला.

लुगड्यांशी मात्र घाई करायची नव्हती. सासूबाईंच्या सुती नऊवाऱ्या, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेल्या. बोहारणीला द्यायचं नाव काढलं तसे त्यांचे डोळे भरून आले. त्या नऊवाऱ्या टाकायच्या नव्हत्याच. शेजारच्या गल्लीत एक आजी गोधड्या शिवतात, त्यांच्याकडे दिल्या. आता दोन गोधड्या होतील आणि त्या रोज अंगावर येतील. घरातल्या मोठ्या माणसाची वस्तू त्यांना न विचारता कधीही काढू नका, हे मी कळकळीने सांगते. नवऱ्याच्या पँटी आणि सिंथेटिक साड्या मात्र बोहारणीकडे गेल्या. तिने आधी छोटं पातेलं पुढे केलं. मावशी मध्ये पडल्या आणि झाकणासकट मोठं घेतलं.

रद्दी 38 किलो निघाली, आमच्या रद्दीवाल्याच्या 14 रुपये भावाने 532 रुपये आले. काटा आपल्यासमोर लावायला सांगा. आणि रद्दी देण्याआधी आधार-पॅनच्या झेरॉक्स बारीक फाडा, जुन्या फायलींत त्या हमखास असतात. घराचा करारनामा, इंडेक्स टू म्हणजे त्याच्या नोंदणीचा उतारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्मदाखले, गुणपत्रिका यांची मूळ प्रत एकाच फायलीत. लायसन्स, आरसी बुक यांच्यासाठी सरकारचं डिजिलॉकर 2015 पासून आहेच, ते वापरा. बंद पडलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड ठेवून काय करणार?

एक गोष्ट जरा थांबून ऐका. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये उभी राहिली, आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली. आपल्या दारात येणाऱ्या ताई आपला कचरा हाताने वेगळा करतात. आवराआवरीत काच फुटतेच. ती जाड कागदात गुंडाळा, दोरा बांधा, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा आणि हातात देताना तोंडानेही सांगा. आपलं घर स्वच्छ करताना त्यांचा हात कापायला नको.

खरेदी काय केली? जुन्या बाजारातून, हो, बुधवार-रविवारी भरतो तो, हा लोखंडी रॅक. [रॅकवर हात ठेवत] 450 रुपये. हलतो का ते तिथेच दाबून बघा, पाय गंजलेले असतील तर घेऊ नका. रिक्षाला 130. हुक, सुतळी, चिकटपट्टी, मार्कर मिळून 120. मजुरी धरून एकूण 1900, त्यातून रद्दीचे 532 वजा केले की पदरचे गेले 1368 रुपये.

रॅकवर वापराप्रमाणे ठेवलंय. कमरेच्या उंचीला रोजचं, खाली जड, वर सणावाराचं. माळ्यावर आता चारच खोके, आणि प्रत्येकावर समोरच्या बाजूला आत काय आहे ते लिहिलंय. वरच्या बाजूला लिहिलं तर खालून दिसत नाही. पावसाळ्यात ओल धरते म्हणून खोके भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेत.

आणि हा पाचवा खोका, दाराजवळचा. यात 'नंतर बघू' म्हटलेलं सगळं आहे. घंगाळ यात मावलं नाही, ते शेजारी ठेवलंय. खोक्यावर तारीख घातलीय, तीन महिन्यांनंतरच्या शनिवारची. मावशींना आजच सांगून ठेवलंय, सकाळी 10 वाजता, तासाला तेच 150.