अण्णांच्या वहीतले त्र्याऐंशी तास

(दृश्य : सोलापूर, पूर्व भाग. सकाळ. यंत्रमागांचा खडखडाट. मागावरून चादर उतरते आहे.)

सोलापुरात चादरीचा भाव कसा ठरतो, हे कुणाला शिकवावं लागत नाही. सुताचा दर, रंगाई, कामगाराची मजुरी, विजेचं बिल. त्यांची बेरीज करायची, वर थोडा नफा धरायचा. सूत महागलं की चादर महागते. हजार रुपयांत बनवलेला माल कुणी सातशेला विकायला लागला, तर पेठेत त्याला उधारीवर सूत मिळायचं बंद होईल.

याच पूर्व भागात, मागांच्या आवाजापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका लहानशा खोलीत टीव्हीला जोडून गेम खेळायचं एक यंत्र, म्हणजे कन्सोल, ठेवलेलं आहे. त्याचा भाव या हिशेबात बसत नाही.

(दृश्य : गेम पार्लर. दारात चपलांचा ढीग. तीन टीव्ही.)

पार्लर चालवणाऱ्या गृहस्थांना पोरं अण्णा म्हणतात. त्यांचे वडील मागावर काम करायचे. अण्णांनी धंदा सुरू केला तो सोनी या जपानी कंपनीच्या एका प्लेस्टेशन टूवर. आज इथे दोन पीएस फोर (पीएस म्हणजे प्लेस्टेशन) आहेत आणि एक पीएस फाइव्ह. तासाला साठ रुपये.

अण्णांची एक वही आहे. प्रत्येक यंत्राला एक पान. वर खरेदीची रक्कम, खाली रेघा. एक तास भाड्याने गेला की एक रेघ. रेघांचे पैसे वरच्या रकमेला भिडले की यंत्र फिटलं.

या वहीच्या दुसऱ्या टोकाला, यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांकडे, टोकियो आणि अमेरिकेत, हा भाव कसा ठरतो?

(दृश्य : जुनी छायाचित्रं. प्लेस्टेशन थ्री.)

नोव्हेंबर २००६. प्लेस्टेशन थ्री बाजारात आला. ६० जीबीच्या यंत्राची अमेरिकेतली किंमत ५९९ डॉलर. लोक म्हणाले, फार महाग. आयसप्लाय या संस्थेने ते यंत्र उघडून एकेका भागाची किंमत लावली, तेव्हा बेरीज आली सुमारे ८४० डॉलर. महाग म्हणून नावं ठेवली जात होती ते यंत्र कंपनी प्रत्येकी दोनशेहून अधिक डॉलर तोट्यात विकत होती. मार्च २००७ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३२ अब्ज येनचा तोटा झाला.

आमच्या पेठेत याला दिवाळं म्हणतील. पण कन्सोलच्या धंद्यात यंत्र म्हणजे नुसतं दार. त्या यंत्रासाठी दुसऱ्या कुणी गेम बनवला, तर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे कंपनीला वाटा मिळतो. ऑनलाइन दुकानातून विकला, तर साधारण तीस टक्के. वर ऑनलाइन खेळण्याची वर्गणी, जादा रिमोट. यंत्रावर गेलेले पैसे असे पाच-सात वर्षं परत येत राहतात. मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२२ साली उघडच सांगितलं होतं की, त्यांच्या एका एक्सबॉक्स कन्सोलमागे कंपनी शंभर ते दोनशे डॉलर पदरचे घालते.

ज्याला हे परतीचं गणित जमत नाही, त्याचं काय होतं, तेही घडून गेलंय. १९९३ साली थ्रीडीओ नावाचा कन्सोल आला. किंमत जवळपास ७०० डॉलर. तो बनवायचा पॅनासॉनिकने आणि गेमचा वाटा जायचा थ्रीडीओ कंपनीला, तोही सीडीमागे फक्त तीन डॉलर. पॅनासॉनिकला पुढे गेममधून काही मिळणार नव्हतं, त्यामुळे नफा यंत्रातच धरावा लागला. म्हणजे आमच्या चादरीसारखा भाव लावला. तो कन्सोल काही वर्षांतच बाजारातून गेला. कारागिरीचा प्रामाणिक हिशेब करणारा इथे हरला, हे सोलापूरकर म्हणून मला अजून बोचतं.

(दृश्य : लॉस एंजेलिस, १९९५. पत्रकारांनी भरलेलं सभागृह.)

प्रतिस्पर्ध्याच्या भावावर नजर ठेवण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. मे १९९५मध्ये सेगा कंपनीने आपला सॅटर्न कन्सोल ३९९ डॉलरला जाहीर केला. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘दोनशे नव्याण्णव’ एवढंच बोलले आणि खाली उतरले. टाळ्या थांबेनात. अठरा वर्षांनी तेच पुन्हा झालं. एक्सबॉक्स वन कायनेक्ट कॅमेऱ्यासकट ४९९ डॉलरला, पीएस फोर ३९९ला. वर्षही भरलं नव्हतं तेव्हा मायक्रोसॉफ्टला कॅमेरा वगळून ३९९चं खोकं आणावं लागलं.

आणि पहिला भाव चुकला तर? निन्टेंडो या जपानी कंपनीचा हातात धरून खेळायचा थ्रीडीएस मार्च २०११मध्ये अमेरिकेत २५० डॉलरला आला. खप होईना. ऑगस्टमध्ये तो १७० डॉलरवर उतरला. ज्यांनी आधी जास्त पैसे मोजले होते, त्यांना कंपनीने वीस जुने गेम फुकट दिले. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. पहिल्या दिवशी रांगेत उभं राहणाऱ्याचा मान असा राखावा लागतो.

(दृश्य : अण्णा जुना प्लेस्टेशन टू फडक्याने पुसताहेत.)

आता अण्णांकडे परत येऊ. त्यांचा एक नियम होता. नवीन यंत्र आलं की लगेच धावायचं नाही.

“गड्ड्याच्या जत्रेत शेवटच्या दिवसांत खेळणी निम्म्या भावात मिळतात की,” अण्णा म्हणतात. “तसंच हे. थांबायचं.”

त्यांच्या नियमात चूक नव्हती. प्लेस्टेशन टू २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरला आला, २००२मध्ये १९९, २००४मध्ये १४९, २००९मध्ये ९९. चिप्स दरवर्षी लहान आणि स्वस्त व्हायच्या, दोनांची एक व्हायची, खोकं हलकं व्हायचं. घाईच्या गिऱ्हाइकाकडून आधी जास्त घ्यायचं आणि मग एकेक पायरी उतरत साध्या माणसापर्यंत पोचायचं, अशी ती रीत. प्लेस्टेशन सोलापूरच्या गल्लीत पोचलं ते या उतरत्या पायऱ्यांवरून.

पीएस फाइव्ह भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ला. किंमत ४९,९९० रुपये. पन्नास हजारांना दहा रुपये कमी. पूर्वनोंदणी काही मिनिटांत संपली.

“का बे अण्णा, कधी आणणार?” पोरं रोज विचारायची. अण्णा म्हणायचे, “उतरू दे जरा.”

भाव उतरला नाही. चिप्सचा तुटवडा होता, मागणी अफाट. शिवाय नव्या पद्धतीच्या चिप्स पूर्वीसारख्या स्वस्त होत नाहीत. ऑगस्ट २०२१मध्ये सोनीने सांगितलं की, डिस्कवाला पीएस फाइव्ह आता तोट्यात जात नाही. पूर्वी यानंतर भावकपात यायची. इथे नोव्हेंबर २०२२मध्ये भारतात किंमत ५४,९९० झाली. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेतही पन्नास डॉलर वाढले. पाच वर्षांचं यंत्र जन्मदिवसापेक्षा महाग, असं प्लेस्टेशनच्या आधीच्या पिढ्यांत झालं नव्हतं.

दहा हजारांनी स्वस्त असा डिजिटल पीएस फाइव्हही होता. त्यात सीडी घालायची सोयच नाही. अण्णांनी तो हातात घेऊन परत ठेवला. सुरुवातीला सोनीच्या नव्या गेमची भारतातली किंमत ४,९९९ रुपये होती. पार्लर चालतं ते जुन्या सीडींच्या अदलाबदलीवर. ही दहा हजारांची सूट म्हणजे जुना माल घेण्याची आपली मोकळीक कंपनीने विकत घेतल्यासारखं आहे, आणि सोलापूरसारख्या गावाला ती मोकळीक फार मोलाची आहे.

निन्टेंडोचा स्विच टू हा कन्सोल इथे अधिकृतपणे मिळतच नाही. पण त्याची एक गोष्ट अण्णांना फार आवडली. २०२५ साली जपानमध्ये फक्त जपानी भाषेवर चालणारा स्विच टू ४९,९८० येनला आला आणि सगळ्या भाषांचा ६९,९८० येनला. येन पडलेला, म्हणून बाहेरच्यांनी स्वस्तात उचलून नेऊ नये यासाठी भाषेचं कुंपण. ज्या गल्लीत एकाच खेळात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत ओरडा होतो, तिथे हे ऐकून सगळेच अण्णांकडे बघायला लागले.

(दृश्य : संध्याकाळ. वहीचं पान.)

कर मात्र पीएस फाइव्ह येण्याआधी एकदा उतरला होता. १ जानेवारी २०१९पासून कन्सोलवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. तेवढाच दिलासा.

अण्णांनी शेवटी पीएस फाइव्ह घेतला तो ५४,९९०ला. पहिल्या भावात घेतला असता तर साठ रुपये तासाने ८३४ रेघांत यंत्र फिटलं असतं. आता ९१७ लागतात. मधल्या त्र्याऐंशी रेघांसाठी त्यांनी पानाच्या तळाशी वेगळा चौकोन आखून ठेवलाय. आम्ही कॅमेरा लावला त्या दिवशी तो चौकोन भरायला सुरुवात झाली होती. सातवीतला एक पोरगा मुठीत साठ रुपये घेऊन दारात उभा होता. अण्णांनी त्याच्या हातात रिमोट दिला, घड्याळ पाहिलं आणि एक रेघ ओढली.