एक धूर, दोन आजार

पडद्यावर दिसत आहे ते दुर्बिणीतून टिपलेले मोठे आतडे. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहणाऱ्या आजाराच्या, या रुग्णात गुदाशयापासून वरपर्यंत अस्तर सलग लालबुंद झाले आहे आणि दुर्बिणीच्या नळीचा नुसता स्पर्श झाला, तरी तिथून रक्त झिरपते. क्रोन्स आजारात मात्र खोल व्रण, मध्येच निरोगी भाग आणि पुन्हा व्रण असे दृश्य दिसते, आणि सूज आतड्याच्या भिंतीच्या संपूर्ण जाडीत उतरते.

आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे हे दोन प्रकार सिगारेटच्या बाबतीत एकमेकांच्या अगदी उलट वागतात. 1982 साली वेल्समधील कार्डिफच्या डॉक्टरांना कोलायटिसच्या रुग्णांपैकी अवघे 8 टक्के धूम्रपान करणारे आढळले. तुलनेसाठी निवडलेल्या इतर लोकांत हे प्रमाण 44 टक्के होते. सिगारेट सोडल्यानंतरच शौचातून रक्त पडू लागले, असे काही रुग्ण सांगतात. त्यांचे म्हणणे उडवून लावू नये, कारण धूम्रपान सोडलेल्यांमध्ये कोलायटिसचा धोका खरोखरच वाढलेला आढळतो.

मग निकोटिन हेच औषध ठरेल का? कार्डिफमध्येच 72 रुग्णांवर सहा आठवडे निकोटिनच्या पट्टीची चाचणी झाली आणि 1994 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पट्टी लावलेल्या 35 जणांपैकी 17 जणांची लक्षणे पूर्णपणे थांबली, तर निकोटिनविरहित पट्टीच्या गटात 37 पैकी 9 जणांची. पण मळमळ आणि डोकेदुखीचा त्रास अनेकांना झाला, आणि आजार पुन्हा उलटू नये म्हणून ही पट्टी पुढे चालू ठेवण्याचा उपाय नंतरच्या चाचणीत निष्फळ ठरला. त्यामुळे हृदय, फुप्फुसे आणि कर्करोगाचा धोका पत्करून कोलायटिससाठी पुन्हा सिगारेट ओढण्याचा सल्ला कोणताही जबाबदार डॉक्टर देत नाही.

क्रोन्समध्ये तर शंकेला जागाच नाही. धूम्रपान करणाऱ्यांना हा आजार होण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो, आतड्याचा रोगट भाग शस्त्रक्रियेने काढून टाकला तरी जोडाच्या ठिकाणी तो लवकर परततो आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात, वर्षभराहून अधिक काळ सिगारेटपासून दूर राहिलेल्या रुग्णांमध्ये आजार उफाळण्याचे प्रमाण कधीच धूम्रपान न केलेल्यांइतके खाली आले होते. एवढा फरक पडत असताना क्रोन्सच्या रुग्णाला औषधाची चिठ्ठी मिळावी आणि सिगारेट सोडण्यासाठी मदत मिळू नये, हे उपचार अर्धवट सोडण्यासारखेच आहे.