मलावी: मत परत मिळालं, पैसा कुठं गेला?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मलावीबद्दल. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या एपीएमसीत जो हापूस येतो आणि लोक विचारतात की या दिवसात आंबा आला कुठून, तो या देशातून येतो, आपल्या रत्नागिरीच्या कलमांपासून तिकडे बागा लावल्यात. बाकी आपल्या बातम्यांत मलावीचं नाव सहसा येत नाही. साधारण दोन कोटी लोकवस्ती, राजधानी लिलाँग्वे, व्यापाराचं शहर ब्लँटायर, तंबाखू विकून डॉलर मिळवायचे आणि मक्याच्या पिठावर घर चालवायचं, असा हा देश. गरीब आहे, जगातल्या सगळ्यात गरीब देशांमध्ये गणला जातो. पण खुर्चीवर कोण बसणार हे कायद्यानं ठरवायचं म्हणजे काय, हे या लोकांनी जे करून दाखवलंय ते भल्याभल्या श्रीमंत देशांना जमलेलं नाही, आणि तरीही त्यांची तिजोरी फुटायची थांबली नाही, हेच मला आज सांगायचंय.

2012 पासून सुरुवात करू. 5 एप्रिलला राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका हार्ट अटॅकनं गेले. आता राज्यघटना सांगते की उपाध्यक्षानं सूत्रं घ्यायची, आणि उपाध्यक्ष होत्या जॉइस बांडा. पण बिंगूंनी त्यांना आधीच पक्षातून काढलं होतं, कारण त्यांना आपल्यामागे आपला भाऊ पीटर मुथारिका यायला हवा होता. मग काय झालं, तर गेलेल्या माणसाला उपचाराच्या नावाखाली विमानानं दक्षिण आफ्रिकेत नेलं, जनतेला दोन दिवस काही सांगितलंच नाही, आणि मध्यरात्री सहा मंत्र्यांनी येऊन जाहीर केलं की जॉइस बांडांना सूत्रं घेता येणार नाहीत, त्यांनी स्वतःचा वेगळा पक्ष काढलाय. त्या सहा जणांना तिकडे आजही मिडनाइट सिक्स म्हणतात. शेवटी लष्करप्रमुख घटनेच्या बाजूनं उभे राहिले आणि 7 एप्रिलला बांडांचा शपथविधी झाला. पीटर मुथारिकांवर नंतर देशद्रोहाचा गुन्हा दाखल झाला, पण ते 2014 ची निवडणूक जिंकले आणि तो खटला तिथंच मिटला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

बांडाबाईंनी सुरुवात तर चांगली केली, राष्ट्राध्यक्षांचं विमान विकायला काढलं, लोकांना वाटलं आता काहीतरी वेगळं होईल. आणि सप्टेंबर 2013 मध्ये अर्थखात्याच्या बजेट डायरेक्टरवर लिलाँग्वेत त्यांच्या घराच्या गेटवरच गोळ्या झाडल्या गेल्या. माणूस वाचला, पण त्या गोळीबारानंतर सरकारी पैशाची जी लूट उघड झाली तिचं नाव कॅशगेट. साध्या कारकुनांच्या गाडीच्या डिकीत नोटांची बंडलं सापडायला लागली.

हे चालायचं कसं ते नीट ऐका, कारण असलं काही कुठल्याही सरकारी ऑफिसात होऊ शकतं. सरकारची बिलं भागवायला कॉम्प्युटरवर एक सिस्टीम होती. त्यात कुणीतरी दुसऱ्याच्या पासवर्डनं शिरायचं, ज्या कंपनीनं एक खिळासुद्धा पुरवलेला नाही तिच्या नावानं पेमेंट टाकायचं, चेक निघायचा, बँकेत वटायचा आणि मग सिस्टीममधून ती एंट्रीच पुसून टाकायची. म्हणजे खर्च झाला पण कागदावर झालाच नाही. ब्रिटनच्या मदतीनं जे फॉरेन्सिक ऑडिट झालं त्यात एप्रिल ते सप्टेंबर 2013 या सहा महिन्यांत 13 अब्ज क्वाचांहून (क्वाचा म्हणजे तिथलं चलन) जास्त रक्कम गेल्याचं निघालं, त्या वेळच्या भावानं सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलर. एका व्यापाऱ्यालाच 4 अब्जांहून जास्त रकमेच्या प्रकरणात 11 वर्षांची शिक्षा झाली. सरकारचा मोठा खर्च परदेशी मदतीवर चालायचा, तो पैसा देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, आणि ज्यांनी चोरी केली नव्हती त्यांच्या दवाखान्यातली औषधं संपली. मला यातला राग येण्यासारखा भाग हाच वाटतो.

पुढे 2014 ला पीटर मुथारिका आले, बांडा तिसऱ्या नंबरवर फेकल्या गेल्या. मुथारिकांच्या काळात पोलिसांच्या जेवणाच्या कंत्राटाचं प्रकरण गाजलं, कंत्राटदाराकडून 14 कोटी 50 लाख क्वाचा सत्ताधारी पक्षाच्या खात्यात आले आणि त्या खात्यावर खुद्द राष्ट्राध्यक्षांची सही चालायची. अँटी करप्शन ब्युरोनं, हो तिकडेही एसीबीच म्हणतात, त्यांना यात दोषी धरलं नाही. लोकांना ते काही पटलं नाही.

मग आली 21 मे 2019 ची निवडणूक. मुथारिकांना 38 टक्क्यांच्या वर, विरोधी पक्षाचे लाझारस चक्वेरा यांना 35 च्या वर, आणि मुथारिकांचेच उपाध्यक्ष असलेले पण फुटून वेगळे लढलेले सॉलस चिलिमा यांना 20. पहिल्या दोघांत फरक साधारण 1 लाख 59 हजार मतांचा. पण मतमोजणीच्या तक्त्यांवर ठिकठिकाणी व्हाइटनर लावून आकडे बदललेले होते, आणि निवडणूक आयोगानं असले तक्ते तसेच घेतले. आयोगाच्या अध्यक्ष होत्या जेन अन्सा, स्वतः न्यायाधीश. लोक म्हणाले राजीनामा द्या, त्या म्हणाल्या कोर्टानं सांगितलं तर बघू.

आणि लोक रस्त्यावर उतरले ते महिनोन् महिने उतरत राहिले. पोलीस अश्रुधूर सोडायचे आणि सैनिक मोर्च्याच्या कडेनं चालत लोकांना सांभाळायचे, असं दृश्य जगात किती ठिकाणी दिसतं सांगा. सगळं काही छान झालं असंही नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये लिलाँग्वेजवळच्या म्सुंडवे भागात जमावानं एका पोलीस अधिकाऱ्याला ठार मारलं, आणि त्याचा सूड म्हणून पोलिसांनी तिथल्या गावांत शिरून बायका-मुलींवर अत्याचार केले. पुढे हायकोर्टानं त्या बायकांना भरपाई द्यायला लावली, पण या निवडणुकीची किंमत त्यांनी भरली हे विसरून तिचं कौतुक करायला माझी जीभ वळत नाही.

कोर्टातली सुनावणी रेडिओवरून थेट चालू होती श्रोतेहो, आणि हे सांगताना मला खरंच भरून येतं, कारण वीज नसलेल्या घरातसुद्धा रेडिओ असतो. भाजीवाल्या, मिनीबसचे ड्रायव्हर, शेतावरची माणसं, सगळे साक्षीदारांची उलटतपासणी ऐकत होते, वकिलांची नावं लोकांना पाठ झाली होती. मध्येच एका बड्या बँकरनं, टॉम म्पिंगंजिरा त्यांचं नाव, न्यायाधीशांना पैसे द्यायचा प्रयत्न केला. न्यायाधीशांनी ते दाबलं नाही, वर कळवलं, ब्युरोनं त्या बँकरला पकडलं आणि 2021 मध्ये त्यांना 9 वर्षांची शिक्षा झाली.

3 फेब्रुवारी 2020 ला निकाल होता. पाच न्यायाधीश लष्कराच्या चिलखती गाडीतून, अंगात बुलेटप्रूफ जॅकेट घालून कोर्टात आले. निकाल होता जवळपास 500 पानांचा, दहाएक तास वाचन चाललं. निवडणूक रद्द. वर हेही सांगितलं की बहुमत म्हणजे निम्म्याहून जास्त मतं, 38 टक्क्यांवर राज्य करता येणार नाही. मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं हे कायम केलं. मग सरकारनं जूनमध्ये, फेरनिवडणूक दहा-बारा दिवसांवर असताना, सरन्यायाधीशांना सक्तीच्या रजेवर पाठवायचा प्रयत्न केला, तर वकील आणि न्यायाधीश काळे कोट घालून रस्त्यावर उतरले. 23 जूनला मतदान झालं आणि चक्वेरा, या वेळी चिलिमांना उपाध्यक्षपदासाठी सोबत घेऊन, 59 टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकले. केनियात 2017 ला कोर्टानं निवडणूक रद्द केली होती पण फेरमतदानात तेच राष्ट्राध्यक्ष परत आले. आफ्रिकेत फेरमतदानात सत्तेतला माणूस हरला तो पहिल्यांदा मलावीत.

चक्वेरा म्हणजे पाद्री माणूस, अनेक वर्षं असेंब्लीज ऑफ गॉड चर्चचे प्रमुख, भाषण असं की ऐकत राहावं. घाण साफ करतो म्हणाले. पण पहिल्याच मंत्रिमंडळात एकमेकांचे नातेवाईक निघाले, मग कोविडच्या फंडातला पैसा भलतीकडे गेला आणि कामगारमंत्र्याला काढावं लागलं. आणि मग ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, मलावीत जन्मलेल्या एका व्यापाऱ्याचं प्रकरण आलं, पोलीस आणि लष्कराच्या कंत्राटांचं. तो आरोप नाकारतो. ब्युरोच्या प्रमुख होत्या मार्था चिझुमा, त्यांनी जून 2022 मध्ये जो रिपोर्ट दिला त्यात 50 हून जास्त सरकारी लोकांची नावं होती. पोलीसप्रमुख गेले, आणि नोव्हेंबरात खुद्द उपाध्यक्ष चिलिमांना अटक झाली, 2 लाख 80 हजार डॉलर आणि इतर गोष्टी घेतल्याचा आरोप. त्यांनी तो नाकारला.

पुढच्याच महिन्यात काय झालं माहितीय? चिझुमाबाईंनाच पोलिसांनी पहाटे घरातून उचललं, एका लीक झालेल्या फोनच्या रेकॉर्डिंगवरून. ज्या बाईनं चोर शोधायचे तिलाच चोरासारखं नेलं. ओरड झाली म्हणून सोडलं, पण त्यानंतर ब्युरोतल्या कुठल्या अधिकाऱ्यात फाइल उघडायची हिंमत राहील? मे 2024 मध्ये त्यांची मुदत संपली ती वाढवली गेली नाही, आणि त्याच महिन्यात चिलिमांवरचा खटला सरकारनं मागे घेतला. का मागे घेतला याचं धड उत्तर जनतेला मिळालं नाही. पुढच्या महिन्यात, 10 जूनला, चिलिमांचं लष्करी विमान धुक्यात मझुझूला उतरू शकलं नाही, परत फिरलं आणि चिकांगावाच्या जंगलात कोसळलं, नऊच्या नऊ माणसं गेली. ते दोषी होते का नव्हते, हे कोर्टात कधी ठरलंच नाही, आणि मला वाटतं हा अन्याय मलावीच्या जनतेवर जेवढा झाला तेवढाच त्यांच्यावरही झाला.

तोवर घरात काय चाललं होतं, तर नोव्हेंबर 2023 मध्ये क्वाचाची किंमत पाडली, डॉलर एका झटक्यात 44 टक्क्यांनी महाग झाला, पेट्रोलसाठी रात्र रात्र रांगा, मका महाग, त्याआधी फ्रेडी वादळानं दक्षिण भाग धुऊन नेला होता. वादळाला सरकार काय करणार म्हणा, पण ज्याच्या घरात पीठ नाही त्यानं हा हिशोब वेगळा कशाला ठेवायचा. 16 सप्टेंबर 2025 ला मतदान झालं. या वेळी आयोगानं घाई केली नाही, तक्ते तपासून आठ दिवसांनी निकाल सांगितला. चक्वेरा 33 टक्के. आणि जिंकले कोण, तर पीटर मुथारिका, वय 85, जवळपास 57 टक्के, व्हाइटनरच्या निवडणुकीतला ज्यांचा विजय कोर्टानं रद्द केला तेच. चक्वेरांच्या पक्षानं आधी कोर्टात धाव घेतली होती पण निकालाच्या दिवशी त्यांनी मुथारिकांना फोन केला, शुभेच्छा दिल्या आणि देशाला तसं सांगितलं. बंदूक निघाली नाही, रस्ते जळले नाहीत. 4 ऑक्टोबरला शपथ झाली. उपाध्यक्ष म्हणून शपथ घेतली जेन अन्सा यांनी. हो, आयोगाच्या त्याच अन्सा.

हे ऐकून काही लोक म्हणतील की मग कोर्ट आणि मोर्चे सगळं फुकटच गेलं. मला तसं अजिबात वाटत नाही. 2020 मध्ये कुणाला निवडायचं हा हक्क लोकांनी परत मिळवला आणि 2025 मध्ये तोच वापरला, चक्वेरांना घालवायला वापरला, हा त्यांचा निर्णय आहे. पण अन्सांना ज्या कामाबद्दल कोर्टानं झोडपलं त्याच कामानंतर त्या देशाच्या दोन नंबरच्या पदावर बसतात, हे मला पचत नाही, मतदारांनी निवडून दिलं असलं तरी नाही पचत.

आता मी बघणार आहे ते ब्युरोकडे. 2014 ला सत्ता मिळाली आणि देशद्रोहाचा खटला मिटला, 2024 ला सत्तेत असताना लाचेचा खटला मिटला, दोन्ही वेळा पक्ष वेगळे होते. मुथारिकांच्या सरकारनं जर फक्त चक्वेरांच्या माणसांच्या फाइली काढल्या आणि पोलिसांच्या कंत्राटांची जुनी प्रकरणं कपाटातच ठेवली, तर लिलाँग्वेतल्या त्या वकिलांनी परत काळे कोट घालून बाहेर पडावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि कोर्टातलं सगळं पुन्हा रेडिओवरून थेट ऐकवलं जावं.