थांबवलेला फ्रेम आणि चालता भाग : ॲनिमेचं परीक्षण कसं करावं

(दृश्य : प्लेअरची काळी पट्टी, थांबवलेलं चित्र, वर फिरणारा कर्सर)

‘नारुतो शिप्पुडेन’ या ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचा, 167वा भाग, साल 2010. नायक नारुतो आणि खलनायक पेन यांची झुंज. या भागातला एखादा ताणलेला, वेडावाकडा चेहरा पकडायचा आणि खाली लिहायचं, ‘ॲनिमेशन भिकार’. वर्षानुवर्षं हेच चाललंय. आता तोच तुकडा न थांबवता पाहा. फटक्याचा जोर, अंगातला पिळ, जमिनीवर आदळतानाचं वजन, हे सगळं त्या ताणलेल्या चित्रांमुळेच जाणवतं. चित्रकारानं ते थांबून बघण्यासाठी काढलेलंच नाही.

ॲनिमेमध्ये सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे स्थिर चौकटी, असतात, पण प्रत्येक फ्रेमला नवं चित्र नसतं. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला 12 चित्रं लागतात, तीन फ्रेम धरलं तर 8. टीव्हीवरचे साधे प्रसंग बऱ्याचदा तीनवर, म्हणजे तीन फ्रेमला एक चित्र, चालतात. झटापट आली की चित्रकार दोनवर येतो, क्षणभर एकवरही. म्हणून ‘हालचाल तुटक वाटली’ एवढं लिहून थांबू नका, मोजून लिहा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. मोजताना नजर पात्रावर ठेवा. कॅमेरा सरकत असेल तर पार्श्वभूमी दर फ्रेमला हलते आणि आकडा फसतो. क्लिप 30 फ्रेमची करून चढवलेली असेल, तर दर चार फ्रेमनंतर एक फ्रेम दुबार येते. तिच्यावरून केलेली मोजणी बाद धरा.

(दृश्य : शेवटच्या गाण्याबरोबर सरकणारी श्रेयनामावली)

ही श्रेयनामावली बहुतेक जण वगळतात, आणि परीक्षण तिथेच कच्चं राहतं. मालिकेचा दिग्दर्शक एक असला तरी प्रत्येक भागाचा स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार कच्चा चित्र-आराखडा (जपानीत ‘एकोन्ते’), वेगळ्याच माणसाचा असू शकतो. ‘एन्शुत्सु’ म्हणजे त्या भागाचा दिग्दर्शक, ‘साकुगा कान्तोकु’ म्हणजे चित्रं तपासून एकसारखी करणारा चित्र-पर्यवेक्षक. 167व्या भागाची सूत्रं आत्सुशी वाकाबायाशी यांच्याकडे होती. तो भाग आजूबाजूच्या भागांपेक्षा वेगळा का दिसतो, याचा शोध या नावापासून सुरू होतो.

दोष सापडला की तो नेमका कुठल्या टप्प्यावरचा, हे शोधायला हवं. कोण कुठे उभं आहे हेच कळत नसेल, तर आधी स्टोरीबोर्डकडे बघा. एकाच पात्राचा चेहरा शॉटागणिक बदलत असेल, तर चित्रं तपासायला वेळ पुरला नसावा. एकाच भागाला चित्र-पर्यवेक्षकांची लांबलचक यादी असली की ही शंका बळावते, पण तो पुरावा नव्हे. रेषा स्वच्छ आहेत आणि तरी सगळं धूर-अंधारात बुडालंय? मग प्रश्न कॉम्पोझिटिंगचा आहे, म्हणजे चित्रांचे थर एकत्र करून प्रकाश-परिणाम देण्याच्या टप्प्याचा (‘सात्सुएइ’). जे डोळ्यांना दिसलं तेच एखादं पात्र तोंडानं पुन्हा सांगत असेल, तर पटकथेचा. चौघांच्या चुका एकट्या ‘ॲनिमेशन’वर ढकलणं अन्यायाचं आहे.

अंधाराचं आणखी एक कारण असतं. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये ‘पोकेमॉन’चा एक भाग लागला. त्यातल्या लाल-निळ्या उघडझापीनं सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर टीव्हीसाठी नियम आले. लखलखाटाचे प्रसंग प्रक्षेपणात मुद्दाम मंद केले जातात. ब्लू-रेवर बऱ्याचदा ती मंदी काढलेली असते, चेहरेही दुरुस्त केलेले असतात. तेव्हा परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत कोणती आवृत्ती पाहिली ते लिहा.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांचा जपान-भारत चित्रपट ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’. त्याच्या जुन्या हिंदी डबिंगमध्ये रामाचा आवाज अरुण गोविल यांचा. जानेवारी 2025 मध्ये तो भारतातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तो नव्या डबिंगसह. ‘हिंदी आवाज छान’ असं नुसतं लिहिलं, तर वाचणाऱ्यानं कुठला आवाज समजायचा?

गटानं परीक्षण करत असाल तर पहिल्यांदा भाग न थांबवता पाहा, फ्रेम मोजणं दुसऱ्या वेळी. गुण प्रत्येकानं चर्चेआधीच लिहून ठेवावेत, नाहीतर मोठ्या आवाजाच्या माणसाचे गुण सगळ्यांचे होतात. बारा भागांच्या मालिकेला निदान तीन भाग द्या; ‘मादोका मागिका’ ही मालिका तिसऱ्या भागातच आपला खरा रंग दाखवते. काय घडतं ते मात्र लिहू नका.

आणि कंटाळा आला तर तोही लिहा, पण तपासून. 2009 मध्ये ‘हारुही सुझुमिया’ या मालिकेत सुट्टीची एकच कथा सलग आठ भाग चालली. चाहते चिडले, आणि चिडण्यासारखं होतंच. पण ‘एकच भाग आठ वेळा दाखवला’ हे विधान खोटं आहे. आठही भाग नव्यानं काढलेले आहेत, संवाद नव्यानं बोललेले आहेत, कपडे आणि कॅमेऱ्याचे कोन बदललेले आहेत. त्या आठांतला दुसरा आणि पाचवा भाग शेजारी-शेजारी लावून एकच प्रसंग ताडून पाहा, आणि मग ठरवा, किती गुण कापायचे.