सुडाचा कागद

मंडळी, नमस्कार. विषय पत्रिकेत छापलाच आहे, तेव्हा प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. स्टीग लार्सन या स्वीडिश लेखकाची ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ ही कादंबरी इथल्या बहुतेकांनी वाचली असेल, निदान सिनेमा तरी पाहिला असेल. ज्यांनी दोन्ही केलेलं नाही त्यांची आधीच माफी मागते. शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही. (हशा)

या कादंबरीचं नाव काढलं की लोकांना तिची नायिका लिस्बेथ सलांडर आठवते, तिच्या पाठीवरचा ड्रॅगन आठवतो आणि तिनं कोर्टानं नेमलेल्या आपल्या पालकाच्या पोटावर गोंदवलेली अक्षरं आठवतात. माझं म्हणणं असं की खरा सूड त्या सुईत नाही, कागदात आहे. घरातल्या बाईबद्दल कागदावर कोण काय लिहितं, तो कागद कोणाच्या कपाटात राहतो, यावर ही सगळी गोष्ट उभी आहे. हेच आज मांडायचंय.

पण सलांडरच्या आधी हॅरिएट. तिच्याकडे लोक फार लवकर पाठ फिरवतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

१९६६ चा सप्टेंबर. वांगेर नावाचं बडं उद्योगपती घराणं एका बेटावर राहतं. सगळा गोतावळा जमलाय. सोळा वर्षांची हॅरिएट दुपारी चुलत आजोबांकडे, हेन्रिककडे येते आणि म्हणते, मला तुमच्याशी बोलायचंय. तो कामात असतो. जरा थांब, म्हणतो. तेवढ्यात पुलावर टँकरचा अपघात होतो, बेटाची वाट बंद होते, सगळे तिकडे धावतात. संध्याकाळी पाहतात तर हॅरिएट नाही. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तो म्हातारा त्या ‘जरा थांब’खाली पिचत राहतो. दर वाढदिवसाला त्याला टपालानं एक वाळवलेलं फूल येतं, चौकटीत बसवलेलं. हॅरिएट असताना तीच द्यायची. त्याला वाटतं, खुनी आपल्याला खिजवतोय.

मग हेन्रिकनं तपासासाठी बोलावलेला पत्रकार ब्लुमक्विस्ट येतो. आता पाहा हं, हे मला सावकाश सांगू द्या. पोलिसांचे जबाब होते, नकाशे होते, खोकी भरून कागद होते. पण त्या दिवसाचा विचार करताना सगळ्यांची नजर पुलावर. ब्लुमक्विस्ट मात्र त्याच दिवशी गावात निघालेल्या मिरवणुकीचे फोटो शोधून काढतो. स्थानिक वर्तमानपत्राच्या जुन्या निगेटिव्ह मिळवतो, संगणकावर घेतो आणि एकामागून एक भराभर पुढे सरकवतो. मैत्रिणी मिरवणूक बघून हसताहेत. हॅरिएटची मान मात्र वळलेली. रस्त्यापलीकडे तिला कोणीतरी दिसलंय आणि तिचा चेहरा उतरलाय. तिच्या मागे एक तरुण बाई उभी आहे, तिच्या हातात कॅमेरा, आणि तो नेमका हॅरिएट बघतेय त्याच दिशेला रोखलेला! म्हणजे हॅरिएटनं काय पाहिलं ते कुणा अनोळखी घरच्या अल्बममध्ये असू शकतं. त्या बाईच्या आणि तिच्या नवऱ्याच्या गाडीवरच्या स्टिकरवरून तो नॉर्शो गावच्या सुतारकामाच्या कारखान्यापर्यंत जातो, तिथून त्या बाईपर्यंत. हनिमूनचा अल्बम निघतो. त्यात पलीकडच्या फुटपाथवरची धूसर आकृती, अंगातला कोट तेवढा ओळखू येण्याजोगा.

नॉर्शो हे खरं गाव आहे. लार्सनचं लहानपण त्याच भागात आजी-आजोबांकडे गेलं. पुढे तो वृत्तसंस्थेत होता, १९९५ साली ‘एक्सपो’ हे नियतकालिक काढणाऱ्यांपैकी होता. अतिउजव्या संघटनांची कात्रणं, पत्रकं, सभासदांची नावं जमवण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्यामुळे त्याच्या कादंबरीत जुनं खोकं उघडण्याला पिस्तुलापेक्षा जास्त वजन आहे.

कोट असतो तिच्या भावाचा, मार्टिनचा. हॅरिएटला बापानं छळलं होतं. जीव वाचवण्यासाठी तिनं त्याला पाण्यात बुडवलं, ते मार्टिननं पाहिलं आणि बापाची जागा घेतली. बाहेर शिकायला गेलेला भाऊ परत आलेला तिला त्या मिरवणुकीत दिसला. तिला हेच सांगायचं होतं हेन्रिकला. आणि ती मेली नव्हती, चुलत आत्याच्या पासपोर्टवर पळाली होती. फुलं तीच पाठवत होती.

हे वाचताना मला माझी आत्या आठवते. महाराष्ट्रात १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा देणारा कायदा झाला, २००५ मध्ये तो देशभर आला. पण आत्याला माहेरी बोलावलं, पुरणपोळीचं जेवण झालं, साडी दिली आणि हक्कसोडपत्र पुढे सरकवलं. ‘इथं सही कर, बाकी आम्ही बघतो.’ चष्मा तिच्या पिशवीत होता, पिशवी आतल्या खोलीत. तो आणून द्यायला कोणी उठलं नाही. इथे माना हलताहेत, म्हणजे घरोघरी...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मुख्य मुद्दा आता घाईनं.

सलांडर सज्ञान आहे, तरी तिचे व्यवहार कोर्टानं नेमलेल्या पालकाच्या हाती. जुना पालक आजारी पडतो, वकील ब्यूरमन येतो, तिचं बँकखातं अडवतो आणि तिच्याच पैशांसाठी तिच्यावर अत्याचार करतो. दुसऱ्या खेपेला ती पिशवीत छुपा कॅमेरा घेऊन जाते. नंतरचं गोंदण सगळ्यांना पाठ आहे. पण तिच्या अटी आठवा. खात्यावर ताबा तिचा. आणि त्यानं दर महिन्याला अहवाल लिहायचा की सलांडर नीट वागते, नोकरी करते, तिला पालकाची गरज नाही. ज्या फायलीनं तिला वेडी ठरवलं तीच फाईल ती शत्रूच्या हातून पुन्हा लिहून घेते. याला मी सूड म्हणते.

आणि शेवटी कादंबरी कच खाते, हेही सांगितलं पाहिजे. मार्टिननं कित्येक बायका मारल्या. तो मेल्यावर घराणं ब्लुमक्विस्टला गप्प राहायला सांगतं, आणि हा सत्याची चाड असलेला पत्रकार राहतो. या तपासात त्याला मदत करणारी सलांडर अटी घालते: मेलेल्या बायकांची ओळख पटवा, त्यांच्या घरच्यांना भरपाई द्या, स्त्रियांच्या आधारगृहांच्या संघटनेला दरवर्षी २० लाख क्रोनर द्या. अटी चांगल्या आहेत. पण त्या घरच्यांना खरं काय ते कोण सांगणार? गुपित वांगेरांच्याच तिजोरीत राहिलं. मला हे पान पटत नाही, कितीदा वाचलं तरी.

एक मिनिट, अध्यक्ष महाराज. लार्सन २००४ च्या नोव्हेंबरमध्ये गेला, पन्नासाव्या वर्षी. पुस्तक २००५ मध्ये आलं. एव्हा गाब्रिएल्सन त्याच्याबरोबर तीस वर्षांहून अधिक राहिली, पण लग्न नव्हतं. ती सांगते की त्याला धमक्या होत्या आणि लग्नाच्या नोंदीतून पत्ता उघड झाला असता. वैध मृत्युपत्रही नव्हतं. स्वीडनच्या कायद्याप्रमाणे वारसा वडिलांना आणि भावाला गेला, पुस्तकांचे हक्कही. लार्सननं सलांडरला कागद मिळवून दिला, एव्हाला द्यायचा राहिला.

वेळ संपली. सलांडरच्या पुढच्या दोन भागांबद्दल आणि हॅरिएटबद्दल ज्यांना भांडायचंय त्यांच्यासाठी मी खाली चहाच्या टेबलापाशी थांबते.