आकाशाची निळाई समुद्राची नव्हे

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईतल्या कुठल्याही शाळेत, सातवी-आठवीच्या वर्गात विचारून बघा, आकाश निळं का दिसतं? दोन-चार हात तरी लगेच वर होतात आणि उत्तर ठरलेलं असतं: समुद्राचं प्रतिबिंब पडतं म्हणून. उत्तर चुकीचं आहे, पण मला ते आवडतं. ते गाईडातून आलेलं नाही, समुद्राकाठी वाढलेल्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघून बांधलेला तो अंदाज आहे. शिक्षकांनी "चूक, बस खाली" म्हटलं की धडा तिथेच संपला. त्यापेक्षा विचारा, सुट्टीत सोलापूरला आजोळी जाता ना, तिथलं आकाश कुठल्या रंगाचं असतं? आणि माहीमचं पाणी तर मातकट, मग त्याचं प्रतिबिंब निळं कसं? आता वर्गात कुजबुज सुरू होईल. होऊ द्या.

गंमत म्हणजे याच्या बरोबर उलटा समज मोठमोठ्यांचा होता. समुद्राचा निळा रंग म्हणजे परावर्तित झालेलं आकाशच, असं इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं मत होतं. आणि आकाशाच्या निळाईचं गणित मांडणारे तेच हे रॅले. १९२१ साली सी. व्ही. रामन इंग्लंडहून बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा रंग बघून त्यांना हे काही पटेना. जवळ निकॉल प्रिझम होता. पाण्यावरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश त्याने बराचसा अडवता येतो. तसा तो अडवला, तरी समुद्र निळाच! त्याबद्दल 'नेचर' नियतकालिकाला त्यांनी लिहिलेल्या पत्रावर ठिकाण आहे, एस. एस. नारकुंडा बोट, मुंबई बंदर. हे मुलांना जरूर सांगा. आपल्या धक्क्याला लागलेल्या बोटीवरची ही गोष्ट आहे.

मग आकाश निळं का? हवेतले नायट्रोजनचे आणि ऑक्सिजनचे रेणू सूर्यप्रकाश सगळीकडे विखुरतात, पण सगळे रंग सारखे नाही. प्रकाश लहरींसारखा असतो, आणि एका लहरीची लांबी म्हणजे तरंगलांबी. ती निळ्याची तांबड्यापेक्षा कमी, जांभळ्याची त्याहून कमी. तरंगलांबी जितकी कमी, तितकं विखुरणं जास्त, आणि तेही चौथ्या घाताने, म्हणजे लांबी निम्मी तर विखुरणं सोळा पट. निळा प्रकाश तांबड्याच्या पाच-सहा पट विखुरतो. एखादी चौकस मुलगी विचारेलच, मग आकाश जांभळं का नाही? शाबासकी द्या तिला. सूर्यप्रकाशात जांभळा कमी असतो आणि आपला डोळाही त्याला तितकासा दाद देत नाही.

हे फळ्यावर लिहून देण्याआधी एक प्रयोग करा. काचेचा मोठा जग पाण्याने भरा, खोलीत अंधार करा आणि एका बाजूने मोबाइलचा टॉर्च लावा. पाण्यात दुधाचे थेंब एकेक करून सोडा. बाजूने बघितलं तर पाण्यात निळसर झाक येते. समोरून, टॉर्चच्या दिशेने बघितलं तर तोच उजेड पिवळट, मग नारिंगी होत जातो. ही झाली चौपाटीवरची संध्याकाळ. सूर्य क्षितिजावर असताना त्याचे किरण डोक्यावरच्या सूर्यापेक्षा जवळजवळ चाळीस पट हवा ओलांडून येतात. वाटेतच निळा निघून जातो, आपल्यापर्यंत पोचतो तो तांबडा.

कोणीतरी उत्साहाने दूध जास्त ओततंच आणि पाणी सरळ पांढरं होतं. ओतू द्या, बिघडलेला प्रयोगही कामाचा आहे. डिसेंबर-जानेवारीत मुंबईचं आकाश असंच पांढुरकं असतं. वारा मंदावतो, धूळ आणि धूर जमिनीलगत कोंडतात. हे कण रेणूंपेक्षा कितीतरी मोठे, त्यामुळे ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. दादर चौपाटीवरून सी लिंक धुरकट दिसते ती यामुळे. पाऊस पडून उघडीप झाली की हवा धुतलेली असते आणि निळा रंग परत येतो. वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाचा रंग मुलांनी रोज वहीत टिपला, तर वर्षभरात प्रदूषणाचा धडा त्यांचा त्यांनाच कळेल. त्यासाठी वेगळा प्रकल्प आणि थर्माकोल नको. थर्माकोलचा मला तसाही राग आहे.

सूर्याकडून आलेल्या उष्णतेचं पुढे काय होतं, हे दाखवणारी बाणांची एक आकृती पुस्तकात असते. येणाऱ्या सूर्यप्रकाशातले शंभरातले सुमारे तीस भाग ढग, हवा आणि जमीन अवकाशात परत पाठवतात. ओझोन बरेचसे अतिनील किरण अडवतो. तापलेली जमीन अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण सोडते, त्यांतले बरेच पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात. पाठ करून घेण्याऐवजी इतकंच विचारा, जानेवारीत नाशिकची रात्र मुंबईपेक्षा इतकी गार का? समुद्राची ऊब हे एक कारण मुलं सांगतीलच. कोरड्या, निरभ्र हवेतून जमिनीची उष्णता लवकर निसटते, हे दुसरं त्यांच्याकडून काढून घ्या.

आणि एकदा संध्याकाळी वर्गाला चौपाटीवर न्या. सूर्याची खालची कड पाण्याला टेकली की सांगा, हा सूर्य खरं तर आधीच क्षितिजाखाली गेलाय. हवा त्याचे किरण वाकवते, म्हणून तो आपल्याला दोन-अडीच मिनिटं जास्त दिसतो. मुलं विश्वास ठेवणार नाहीत, वाद घालतील. फक्त दुर्बीण कोणी आणू नका, आणि सूर्याकडे टक लावून बघू देऊ नका.

नमस्कार.