ब्रुकलिनमधली चार तिरकी घरं

[पडद्यावर ब्रुकलिनचा उपग्रह नकाशा]

हा नकाशा बघा. ब्रुकलिन, न्यूयॉर्क. वहीवर पट्टी ठेवून आखावेत तसे रस्ते. आडवे, उभे, परत आडवे. घरं सगळी रस्त्याकडे तोंड करून ओळीत उभी. आणि त्या ओळीला न जुमानणारी ही लाकडी घरं. रस्त्यापासून मागे सरकलेली आणि तिरकी.

घर तिरकं का असतं? बांधणाऱ्याचा हात चुकला म्हणून नव्हे. घर बांधलं तेव्हा दारासमोरून दुसरा रस्ता जात होता. पुढे रस्ता मोडला, घर राहिलं. आजची गोष्ट एवढ्या एका कोनातून सुरू होते.

१९६८ साल. जेम्स हर्ली हा इतिहासाचा अभ्यासक ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट भागात तिथल्याच रहिवाशांसाठी एक वर्ग चालवत होता. विषय काय, तर आपण राहतो त्या वस्तीचा इतिहास. जुन्या लिखाणात त्याला 'वीक्सव्हिल' नावाच्या वस्तीचा उल्लेख मिळाला होता. आता ती वस्ती शोधायची कुठे? नकाशावर नाव नाही, वर सगळीकडे इमारती. जोसेफ हेन्स हा तिथलाच रहिवासी, आणि त्याला विमान चालवता यायचं. दोघं जुने नकाशे घेऊन छोट्या विमानात बसले आणि वरून बघत निघाले. बर्गन स्ट्रीटजवळ त्यांना एका गल्लीचा तुकडा दिसला. आणि त्यावर ही चार घरं.

ती गल्ली म्हणजे हंटरफ्लाय रोड, चौकटीचे रस्ते आखण्याच्या कितीतरी आधीचा. (नावात शिकारीही नाही आणि माशीही नाही बरं का! मूळ डच शब्द इंग्रजी जिभेवर घासला गेलाय.)

आता वीक्सव्हिल म्हणजे काय ते सांगतो. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी संपली १८२७ साली. पण मताचा हक्क? १८२१ च्या राज्यघटनेनं काळ्या पुरुषांसाठी अट घातली होती की २५० डॉलरची मालमत्ता असेल तरच मत. गोऱ्यांना ही अट नाही. म्हणजे जमिनीचा तुकडा हा नुसता तुकडा नव्हता. १८३७ च्या मंदीत जमिनीचे भाव पडले आणि १८३८ मध्ये जेम्स वीक्स या काळ्या गोदी कामगारानं इथे जमीन घेतली. त्याच्या आजूबाजूला बाकीच्यांनी घेतली. शाळा आली, चर्च आली, वर्तमानपत्रसुद्धा निघालं. सुझन स्मिथ मॅकिनी ही इथलीच मुलगी. १८७० मध्ये ती डॉक्टर झाली, न्यूयॉर्क राज्यातली पहिली काळी स्त्री डॉक्टर. १८६३ च्या जुलैमध्ये मॅनहॅटनमध्ये सैन्यभरतीच्या विरोधात दंगल उसळली, जमावानं काळ्या लोकांना वेचून मारलं. तिथून जीव घेऊन पळालेल्यांना आसरा दिला तो याच वस्तीनं.

आणि शंभर वर्षांत हे सगळं विसरलं गेलं.

मग सापडलं कसं? विमानातून घरं दिसली, माणसं नाही. माणसं कागदात असतात. आपल्याकडे जसा सातबारा, फेरफार, तसे तिकडे खरेदीखतांचे दप्तर. जमीन कुणी कुणाला विकली ते त्यात. मग जनगणना. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं जाऊ लागलं, त्याआधी फक्त घरातल्या कर्त्याचं. १८९० ची जनगणना मात्र जवळजवळ पूर्ण गेली. १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ती ठेवली होती त्या इमारतीला आग लागली. आणि १८९० च्या आसपासचीच नेमकी ती वर्षं, जेव्हा वाढतं ब्रुकलिन वीक्सव्हिलला गिळत होतं.

माझ्या मते सगळ्यात चटका लावणारा कागद म्हणजे शहराची डिरेक्टरी. नाव, धंदा, पत्ता. त्यात काळ्या माणसाच्या नावापुढे 'कलर्ड'ची खूण असायची. ज्या खुणेनं त्याला वेगळं काढलं, तीच खूण धरून अभ्यासक शंभर वर्षांनी त्याच्या दारापर्यंत पोचतो.

विम्याचे नकाशेही विसरू नका. सॅनबॉर्न कंपनी आगीच्या विम्यासाठी अमेरिकेतल्या गावोगावचे नकाशे काढायची, एका इंचात ५० फूट. विटांचं घर गुलाबी, लाकडाचं पिवळं. घर पाडलं किंवा वाढवलं की जुन्या नकाशावरच दुरुस्तीचा कागद चिकटवायचे. विमेवाल्यांना इतिहासाशी काय देणंघेणं! त्यांना फक्त आगीची भीती. पण गावाचं इतकं बारीक चित्र दुसरीकडे क्वचितच मिळतं.

आता पुढचं. शोध लागला, पण शेजारची जुनी घरं पाडण्याचं काम चालूच होतं. तेव्हा शेजाऱ्यांनी आणि शाळेतल्या मुलांनी माती उकरली. त्यात एका स्त्रीचा टिनटाइप निघाला. म्हणजे पातळ पत्र्यावर घेतलेला फोटो. तिचं नाव कुठेच नाही, म्हणून सगळे तिला 'वीक्सव्हिलची बाई' म्हणतात. सरकारी शाळा क्रमांक २४३ ची मुलं शहराच्या वारसा आयोगापुढे जाऊन बोलली. १९७० मध्ये घरांना वारसा म्हणून संरक्षण मिळालं.

संरक्षण मिळालं म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही. घरं विकत घ्यायची, दुरुस्त करायची, त्यासाठी दरवर्षी पैसे मागत फिरायचं, हे काम जोन मेनार्ड या बाईंनी वर्षानुवर्षं केलं. विमानातली ती फेरी एका दिवसाची, पण वर्तमानपत्रांना आवडते तीच. तरी २०१९ मध्ये ही घरं सांभाळणारी संस्था बंद पडायची वेळ आलीच. लोकांनी ऑनलाइन दोन लाख डॉलरहून जास्त वर्गणी जमवली, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरानं नियमित मदत मिळणाऱ्या संस्थांच्या यादीत तिला घेतलं.

[परत नकाशा]

फोनवर उपग्रह नकाशा उघडा, बर्गन स्ट्रीटवर या, बफेलो आणि रॉचेस्टर अव्हेन्यूच्या मधे. आता बोटानं मोठं करा. समोर हिरवळ आहे. घरं अजून हंटरफ्लाय रोडकडेच तोंड करून आहेत.